शंकू गोगलगाय

आपल्या कोपरगावात पावसाळा आला, की गोदाकाठी गोगलगायी दिसतात. त्या पाला खातात, कुणाला चावत नाहीत. पण समुद्रात एक शिकारी गोगलगाय असते. तिचा शंख शंकूसारखा, वर सुंदर नक्षी असलेला. कोकणच्या किनाऱ्यावरही अशा गोगलगायी आढळतात.

ती चालते सावकाश. मग शिकार करते कशी? तिच्या सोंडेत सुईसारखा पोकळ दात असतो. तो ती भक्ष्याला टोचते. दातातून विष जाते. भक्ष्य लुळे पडते आणि ती ते गिळते. काही जाती किडे खातात, काही मासे. मासे खाणाऱ्या मोठ्या जातीच्या डंखाने माणसेही दगावली आहेत. 'गोगलगाय आणि पोटात पाय' म्हणतात, ते हेच!

याच विषाच्या अभ्यासातून असह्य वेदनांवरचे एक औषध निघाले. अमेरिकेत त्याला 2004 साली मान्यता मिळाली.

आपण कोकणात जातो, मुले शंख वेचतात. आत जीव आहे की नाही, हे वरून कळत नाही. म्हणून असा शंख उचलू नये, खिशात ठेवू नये. डंख झालाच, तर या विषावर उतारा नाही. तो हात हलवू देऊ नये. माणसाला ताबडतोब दवाखान्यात न्यावे. तिथे श्वास चालू ठेवता आला, तर जीव वाचतो.