कुंभाराची वही

औद्योगिक क्रांतीचे प्रकरण शिकवताना आमच्या इतिहासाच्या सरांनी फळ्यावर चार नावे लिहिली : आर्कराइट, वॅट, बोल्टन आणि वेजवुड. पहिल्या तिघांपुढे सूतगिरणी, वाफेचे यंत्र, कारखाना असे शब्द आले. चौथ्या नावापुढे सरांनी लिहिले, ‘कुंभार’. वर्गात हशा पिकला. माझे आडनाव सर्वांना ठाऊक असल्याने दोन-चार माना माझ्याकडे वळल्या. मी खाली मान घालून लिहीत राहिलो.

तास संपल्यावर ग्रंथालयात गेलो तो थोडा राग घेऊनच. इतिहासात कुंभाराचे काय काम? आमच्या घरी चाक आहे. ते आजोबांनी फिरवले, आता वडील फिरवतात. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आणि खरे सांगायचे तर ती चढताना पायाची माती धुऊन टाकावी, हाच विचार माझ्या मनात होता. जोसाया वेजवुडच्या चरित्राने तो विचार ढवळून काढला. कसा, ते आपणांस सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

जोसायाचा जन्म १७३० साली इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यातल्या बर्सलेम या गावी झाला. बर्सलेम म्हणजे कुंभारांचेच गाव. जमिनीत चिकणमाती आणि दगडी कोळसा दोन्ही मुबलक, त्यामुळे जिकडेतिकडे भट्ट्या. जोसायाच्या घराण्यात हाच धंदा पिढ्यान् पिढ्या चालत आलेला. मोठ्या कुटुंबातले हे शेंडेफळ. १७३९ मध्ये वडील वारले, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. शाळा सुटली आणि थोरल्या भावाच्या हाताखाली काम सुरू झाले. पुढे त्याला देवी आल्या. जीव वाचला, पण उजवा गुडघा कायमचा अधू झाला. तिथले चाक पायाच्या जोरावर चालवायचे असे. या मुलाला ते जमेना.

कुंभाराच्या पोराला चाक चालवता येऊ नये, याहून मोठे संकट ते कोणते? परंतु चाकावरून उठलेला हा मुलगा मातीच्या मिश्रणांकडे, साच्यांकडे आणि भांड्यावरच्या काचेसारख्या झिलईकडे वळला. शाळा सुटली तरी वाचन सुटले नाही. १७५४ साली थॉमस व्हील्डन या त्या काळच्या नामांकित कुंभाराने त्याला भागीदार करून घेतले. तेथे असतानाच, १७५९ मध्ये, वेजवुडने एक वही घातली. माझ्या मते त्याच्या चरित्रातली सर्वांत महत्त्वाची घटना हीच.

या वहीत तो आपला प्रत्येक प्रयोग टिपून ठेवी. कोणती माती किती, कोणते खनिज किती, आणि भाजल्यावर काय निघाले. प्रत्येक प्रयोगाला क्रमांक. तोच क्रमांक मातीच्या एका लहानशा तुकड्यावरही घातलेला, म्हणजे वही आणि तुकडा ताडून पाहता येईल. तुकडा भट्टीत कोणत्या जागी ठेवावा, याच्याही खुणा ठरलेल्या, कारण वरची आच वेगळी आणि खालची वेगळी. फसलेले प्रयोगही त्याने गाळले नाहीत. त्या काळी कुंभार आपली कृती मुलाला नाही तर भावाला तोंडी सांगत. तीही सगळी सांगत नसत. वेजवुडने ती कागदावर उतरवली. तोही काही भोळा नव्हता : महत्त्वाच्या कृती तो सांकेतिक खुणांनी लिही, पण लिही.

हे वाचताना मला आमचे आजोबा आठवले. माती, राख आणि लीद यांचा मेळ कसा घालायचा हे त्यांच्याइतके आमच्या पंचक्रोशीत कुणाला कळत नव्हते. मी लहानपणी विचारी, “आबा, राख किती?” ते म्हणत, “हाताला कळतंय रं.” आबा गेले तेव्हा त्यांचे हातही गेले. पुढे तळ्यातली ती जुनी माती मिळेनाशी झाली आणि वडिलांनी दुसरीकडून माती आणली. मागच्या उन्हाळ्यात आव्यातले निम्मे माठ तडकून निघाले. मेळ कुठे चुकला, राख कमी पडली की आच जास्त झाली, हे सांगायला कुणीच नव्हते. त्या वर्षीची माझी फी उसनवारीने भरली गेली.

असो. पुन्हा वेजवुडकडे वळू. १७५९ मध्येच त्याने बर्सलेमला स्वतःचा कारखाना काढला. प्रयोगांतून त्याने दुधावरच्या सायीच्या रंगाची, हलकी, गुळगुळीत झिलईची भांडी सिद्ध केली. १७६५ साली शार्लट राणीसाठी चहाच्या भांड्यांचा संच बनवण्याचे काम त्याला मिळाले. राणी प्रसन्न झाली. वेजवुडने तिच्या अनुमतीने त्या भांड्यांना ‘क्वीन्स वेअर’ म्हणजे राणीची भांडी असे नाव दिले. मातीच होती, फक्त नाव राणीचे. पण जे राणीच्या टेबलावर ते आपल्याही घरी असावे, असे मध्यमवर्गीयांना वाटू लागले आणि माल भराभर खपू लागला.

या विक्रीत त्याचा जोडीदार होता थॉमस बेंटली. १७६२ मध्ये वेजवुड कामासाठी लिव्हरपूलला निघाला असता वाटेत तोच अधू पाय पुन्हा दुखावला आणि तो तिथे अंथरुणाला खिळला. त्या मुक्कामात या सुशिक्षित व्यापाऱ्याशी त्याची ओळख झाली. पुढे दोघांनी लंडनमध्ये मालाची दालने उघडली. गिऱ्हाइकाने यावे, मांडलेली टेबले पाहावीत, मग मागणी नोंदवावी. छापील सूचिपत्रे काढली. माल पसंत न पडल्यास परत घेण्याची हमी दिली. रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिच्यासाठी १७७३-७४ मध्ये ९५२ भांड्यांचा संच केला. त्यावर इंग्लंडमधील वाडे, बागा, नद्या यांची १,२२२ निरनिराळी चित्रे हाताने रंगवलेली होती. रशियाला धाडण्यापूर्वी हा संच लंडनमध्ये लोकांना पाहण्यासाठी मांडला. त्या संचात फायदा थोडा, पण बोलबाला किती झाला असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

माल खपला तरी तो पोहोचवायचा कसा? बर्सलेमचे रस्ते खड्ड्यांचे आणि चिखलाचे. चांगली पांढरी माती दूर दक्षिणेकडून यायची, तयार भांडी घोड्यांच्या पाठीवर लादून जायची आणि वाटेत फुटायची. वेजवुडने कालव्याचा ध्यास घेतला. ट्रेंट आणि मर्सी या नद्या जोडणाऱ्या कालव्यासाठी त्याने पैसा उभारला, पार्लमेंटची मंजुरी मिळवण्यासाठी खटपट केली आणि १७६६ साली पहिली कुदळ त्यानेच मारली. जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने आखलेला हा ९३ मैलांचा कालवा १७७७ मध्ये पूर्ण झाला. दरम्यान कालव्याच्या वाटेवरच जागा घेऊन वेजवुडने नवा कारखाना बांधला. त्याचे नाव एट्रुरिया. तो १७६९ मध्ये सुरू झाला.

त्याच्या आदल्या वर्षी आणखी एक गोष्ट घडली होती. तो दुखरा पाय असह्य झाल्यामुळे १७६८ साली गुडघ्याच्या वरून कापावा लागला. शस्त्रक्रियेसाठी गुंगी देण्याची पद्धत तेव्हा निघालीच नव्हती. त्यानंतर हा माणूस लाकडी पायावर उभा राहून पंचवीसएक वर्षे कारखाना चालवत होता. मांडणीवर एखादे खोटे भांडे दिसले तर तो ते फोडून टाकी, अशी कथा सांगतात.

आता त्याच्या विज्ञानाविषयी. भट्टीची आच किती, हे ओळखायचे कसे? आमचे वडील धुराचा रंग आणि जाळाचा आवाज यांवरून ओळखतात. बर्सलेमचे कुंभारही नजरेनेच ओळखत. त्या प्रचंड उष्णतेत पाऱ्याचा तापमापक टिकत नाही. वेजवुडने विचार केला की माती भाजली म्हणजे आकसते, आणि गार झाल्यावर पुन्हा फुगत नाही. मग मातीचे आकसणे हेच माप का मानू नये? त्याने एकाच मापाच्या मातीच्या लहान गोट्या केल्या. गोटी भट्टीत ठेवायची, काढून गार करायची आणि निमुळत्या होत जाणाऱ्या दोन पट्ट्यांच्या मधून सरकवायची. जितकी आच जास्त तितकी गोटी बारीक, आणि तितकी ती पुढे सरकणार. हे उपकरण त्याने १७८२ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडले. त्याने काढलेले उष्णतेचे आकडे पुढे चुकीचे ठरले, पण दोन भट्ट्यांची आच ताडून पाहण्याचे साधन कुंभारांना मिळाले. १७८३ मध्ये, ज्या संस्थेचा न्यूटन एके काळी अध्यक्ष होता, त्या रॉयल सोसायटीचा तो सभासद झाला. नवव्या वर्षी शाळा सुटलेला कुंभार! हे वाचले तेव्हा वर्गातला तो हशा मी विसरलो.

मात्र एवढेच सांगून थांबलो तर तो इतिहास न होता आरती होईल. वेजवुडने कामाची वाटणी केली. एकाने माती मळायची, दुसऱ्याने घडवायचे, तिसऱ्याने नुसते कान जोडायचे, चौथ्याने रंगवायचे. घंटेच्या ठोक्यावर हजेरी, उशिराला दंड. चुका न करणारी यंत्रे बनवावीत तशी माणसे बनवावीत, अशा अर्थाचे त्याने बेंटलीला एका पत्रात लिहिले आहे. अख्खा माठ घडवणाऱ्या कुंभाराच्या मुलाला हे वाक्य बोचते. १७८३ साली धान्य महाग झाले, तेव्हा एट्रुरियाजवळ भुकेल्या लोकांनी कालव्यातली धान्याची नाव अडवली. सैनिक बोलावण्यात आले आणि एका माणसाला फाशी झाली. वेजवुडने त्यानंतर तरुण कामगारांसाठी एक पुस्तिका छापली. तिच्यात दंगा करण्यातला तोटा समजावून सांगितला होता आणि आईबापांच्या काळापेक्षा तुमचे दिवस किती सुधारले ते पाहा, असे म्हटले होते. सुधारले होते, हे खोटे नाही. पण भुकेल्याला अशी तुलना ऐकवणे सोपे असते.

याच माणसाने १७८७ साली गुलामांच्या व्यापाराविरुद्ध एक पदक काढले. साखळदंडात जखडलेला, गुडघा टेकून हात जोडलेला आफ्रिकी माणूस, आणि भोवती एकच प्रश्न : मी माणूस नव्हे काय, तुमचा भाऊ नव्हे काय? अशी पदके त्याने फुकट वाटली. काही अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनलाही पाठवली. लोक ती अंगावर, डब्यांवर मिरवू लागले आणि चळवळ घरोघर गेली. ब्रिटनमध्ये हा व्यापार कायद्याने बंद झाला तो १८०७ मध्ये, वेजवुडच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी. त्याच वेळी हेही खरे की त्याच्या चहाच्या संचातल्या साखरदाणीत पडणारी साखर गुलामांच्याच घामाची होती. एकाच माणसात दोन्ही गोष्टी नांदत होत्या. त्याला देव करू नये आणि दैत्यही करू नये, एवढेच मला यावरून समजले.

१७९५ साली वेजवुड वारला. त्याच्या मुलीचा मुलगा म्हणजे उत्क्रांतिवादाचा जनक चार्ल्स डार्विन. धंदा पुढे दोन शतके टिकला, पण २००९ मध्ये कंपनी कर्जात बुडाली आणि तिची मालकी बदलली. कंपनीचा जुना संग्रह लिलावात विखुरणार, अशी वेळ आली. तेव्हा २०१४ साली लोकांनी वर्गणी काढून तो वाचवला. वेजवुडच्या वह्या आणि क्रमांक घातलेले ते मातीचे तुकडे आज बार्लस्टन येथील संग्रहालयाच्या ठेव्यात आहेत. कारखाना बुडाला, वही तरली.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो ते शंभर पानी वही घेऊनच. वाण्याकडून तराजू मागून आणला. वडील माती तुडवायला निघाले तसे म्हटले, “दादा, आधी वजन करू.” ते हसले. म्हणाले, “आरं, कालेजात हेच शिकिवत्यात व्हय?” आई म्हणाली, “करू द्या त्याला.” माती, राख, लीद, पाणी सगळे मापून लिहिले. पहिल्या पानावर क्रमांक एक. दुसऱ्या दिवशी राख थोडी वाढवली : क्रमांक दोन. प्रत्येक मेळातली पणती वेगळी, तिच्या बुडाला खिळ्याने आकडा कोरलेला.

बारा पणत्यांपैकी सात तडकल्या. तेही लिहिले. आवा उघडताना वडील गप्प होते. मग क्रमांक नऊची पणती उचलून त्यांनी बोटाने ठोकली, कानाशी धरली आणि माझ्यापुढे केली. “ह्यात राख किती हुती, बघ बरं तुझ्या वहीत,” ते म्हणाले.

मी पान उलटून आकडा वाचून दाखवला. त्यांनी तो दोनदा म्हणून घेतला.

— द्वितीय वर्ष, कला