काजव्यांना हवा अंधार

भायखळ्यात पुरता काळोख असा मिळतच नाही. राणीच्या बागेतल्या झाडांवरही रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड येतो. त्यामुळे मे संपत आला की इथली मंडळी कसारा लोकल पकडून किंवा गाडी काढून भंडारदऱ्याकडे निघतात, काजवे पाहायला. राज्यातलं सर्वोच्च शिखर कळसूबाई (१६४६ मीटर) ज्यात येतं, त्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा हा भाग. घाटघर, रतनवाडीच्या वाटेवर हिरडा, बेहडा, सादडा ही झाडं वळवाच्या पावसानंतर अशी लुकलुकतात की एकाच वेळी सगळं झाड पेटावं आणि विझावं.

काजव्याच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं. ल्युसिफेरेज हे विकर, ऑक्सिजन आणि पेशींना ऊर्जा पुरवणारा एटीपी हा रेणू एकत्र आले की त्यातून प्रकाश निघतो, उष्णता जवळजवळ नाहीच. एटीपीची ही भूमिका १९४७ मध्ये अमेरिकेत विल्यम मॅकेलरॉय यांनी दाखवली. प्रयोगासाठी ते बाल्टिमोरच्या मुलांना शंभर काजव्यांमागे २५ सेंट देत! आता हे विकर जिवाणूंकडून तयार करून घेता येतं. रुग्णालयातली खाट किंवा टेबल नीट पुसलं गेलं का, हे तपासायला तेच वापरतात. पृष्ठभागावरून फिरवलेला बोळा जितका चमकेल, तितका सजीवांचा अंश तिथे उरलेला. म्हणजे काजव्याचा उपकार आपल्या वॉर्डापर्यंत पोचला आहे.

परतफेड मात्र आपण गाडीच्या हेडलाइटने करतो. काजव्याचं बहुतेक आयुष्य अळी म्हणून ओल्या मातीत, पाल्यापाचोळ्यात गोगलगायी खात जातं. पंख फुटल्यावर हाती उरतात जेमतेम दोन-तीन आठवडे, आणि तेवढ्यात जोडीदार शोधायचा. लुकलुकणं ही त्यासाठीची साद. टॉर्च, मोबाइलचा फ्लॅश, गाड्यांचे झोत यांत ती साद बुडते. माद्या बऱ्याचदा गवतात, झुडपांत बसलेल्या असतात. फोटोसाठी रस्ता सोडून आत शिरलेल्या पायांखाली त्या आणि जमिनीतल्या अळ्याही चिरडतात. जोडी जमली नाही, अंडी घातली गेली नाहीत, तर पुढच्या जूनमध्ये त्या झाडावर काही दिसणार नाही.

गावकऱ्यांना या गर्दीतून चार पैसे मिळतात, तेव्हा जाऊच नका असं कोण म्हणेल? गाडी गावातच लावावी, स्थानिक वाटाड्या घ्यावा, टॉर्च लागलाच तर त्यावर लाल कागद बांधून तो जमिनीकडे धरावा. काजवे बाटलीत भरू नयेत. आणि दहा मिनिटं मोबाइल खिशात ठेवून नुसतं उभं राहावं. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला निदान तेवढा वेळ लागतोच.