बाप पहाऱ्यावर असताना

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत आणि तळीही पुष्कळ. त्या तळ्यांत ‘लार्जमाउथ बास’ नावाचा गोड्या पाण्यातला मासा असतो. हिरवट अंग, कुशीवर काळसर पट्टा आणि तोंड मिटले तरी डोळ्याच्याही मागे जाणारा जबडा. माझी सहा वर्षांची मुलगी त्याला ‘मोठतोंड्या’ म्हणते. इंग्रजी नावाचा अर्थही तोच.

वसंतात हा मासा कुठे मिळेल, हे पाण्याच्या उबेवर ठरते. हिवाळाभर तो खोल पाण्यात सुस्त असतो. पाणी १० अंश सेल्सियसच्या वर गेले की तो उथळ भागाकडे सरकतो आणि खाऊ लागतो. तळ्याचा उत्तरेकडचा काठ आधी तापतो, कारण दक्षिणेकडचे ऊन त्यावर पडते आणि थंड उत्तरी वाऱ्यापासून आडोसा मिळतो. म्हणून मुलांना पहाटे उठवू नये. दुपारी, पाणी तापल्यावर जावे.

पाणी १५-१६ अंशांवर गेले की विणीचा हंगाम सुरू होतो. नर शेपटीने तळ झाडून दोन-तीन फूट रुंदीचे गोल घरटे करतो. मादी अंडी घालून निघून जाते. राखण करतो तो बाप. तो शेपटीने अंड्यांवर पाणी खेळवतो आणि पिल्ले बाहेर आल्यावरही काही दिवस त्यांच्यासोबत राहतो. या काळात तो फारसे खात नाही. तरीही घरट्याजवळ आलेल्या आमिषावर तो झडप घालतो, ती भुकेने नव्हे, शत्रूला हाकलण्यासाठी. म्हणूनच तो तेव्हा सहज गळाला लागतो. पण त्याला बाहेर काढले की ‘ब्लूगिल’सारखे छोटे मासे अंड्यांवर तुटून पडतात. आपण फोटो काढेपर्यंत घरटे लुटले जाऊ शकते.

न्यू जर्सीत १५ एप्रिल ते १५ जून या काळात बास धरला तरी सोडून द्यावा लागतो. कायदा धरण्याला मनाई करत नाही. मी मात्र उथळ पाण्यात स्वच्छ गोल ठिपका दिसला की तिथे गळ टाकत नाही. मुलीने कारण विचारले तेव्हा सांगितले, “तिथे बाबा पहाऱ्यावर आहे.” नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ठेवणाऱ्या आपल्या कोळी बांधवांना हे वेगळे सांगायला नको.

मग मुलांनी धरायचे काय? तोच लुटारू ब्लूगिल! लहान गळ, गांडुळाचा तुकडा आणि वर तरंगता चेंडू एवढे पुरते. चेंडू बुडाला की मुलाला कळते, आणि फार वाट पाहावी लागत नाही. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा. मासा लवकर सुटतो आणि बोटात रुतला तरी सहज निघतो. माशाला हात लावण्यापूर्वी हात ओले करावेत, नाहीतर त्याच्या अंगावरचा संरक्षक चिकट थर निघतो. मुलाच्या अंगात जीवरक्षक जाकीट आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. १६ वर्षांखालच्यांना इथे परवाना लागत नाही. आईबाबांनी गळ टाकायचा तर त्यांना लागतो.

एक तास पुरे. मूल कंटाळण्याआधी निघावे, म्हणजे पुढच्या रविवारी तेच आपल्याला ओढत नेते.