इंग्रजी भाषेंतील तीन लहान शब्द

इंग्रजी भाषेंत 'ए', 'ॲन' आणि 'दि' असे तीन चिमुकले शब्द आहेत. व्याकरणांत त्यांस उपपदें असें म्हणतात. त्यांचा अर्थ विचारला तर कोणताहि विद्यार्थी क्षणांत सांगेल. पण ते कोठें घालावे व कोठें गाळावे हें विचारलें, तर वरच्या वर्गांतील हुशार विद्यार्थीहि घुटमळतो. 'दि' हा तर इंग्रजींत सर्वांत अधिक वेळां येणारा शब्द. तेव्हां चुकण्याचे प्रसंगहि ओळीओळीस येतात. ही चूक दिसावयास लहान, परंतु तिच्यामुळें कधीं कधीं वाक्याचा अर्थच उलटा होतो. म्हणून या विषयाचा थोडा खोल विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम अडचण कां येते तें पाहूं. मराठींत उपपद नाहीं. 'मुलानें पुस्तक आणलें' असें आपण म्हणतों. तें पुस्तक ओळखीचें कीं कोणतेंहि एक, हें ऐकणारा प्रसंगावरून समजून घेतो. संस्कृतांत व लॅटिनमध्यें उपपद नव्हतें. रशियन व जपानी भाषांत आजहि नाहीं. फार कशाला, खुद्द इंग्रजीसहि तें मागाहून लाभलें. जुन्या इंग्रजींतील 'एक' या अर्थाच्या संख्यावाचक शब्दाचा जोर कमी होत होत 'ॲन' झाला, आणि व्यंजनापूर्वीं त्यांतील न गळून 'ए' उरला. 'तो' असें बोट दाखविणाऱ्या दर्शक सर्वनामापासून 'दि' निघाला. एवढें ध्यानांत ठेविलें कीं अर्धी वाट सरली. 'ए'च्या पोटांत अजून 'एक' आहे, आणि 'दि'च्या पोटांत अजून 'तो' आहे.

या 'ॲन'नें इंग्रजी शब्दांची मोठी मौज केली आहे. क्रिकेटच्या मैदानावरील अंपायर हा शब्द मूळचा न या वर्णानें सुरू होणारा. फ्रेंचमधून आलेल्या त्या शब्दाचा अर्थ 'जोडीबाहेरचा', म्हणजे दोहों पक्षांहून वेगळा असा तिसरा. 'ए नंपायर' म्हणतां म्हणतां ऐकणाऱ्यांस तें 'ॲन अंपायर' असें ऐकूं येऊं लागलें, आणि आरंभींचा न कायमचा उपपदाकडे गेला. 'एप्रन' या शब्दाचा न असाच गेला. उलट 'न्यूट' नांवाच्या, सरड्यासारख्या दिसणाऱ्या एका प्राण्यानें उपपदाचा न स्वतःकडे ओढून घेतला. आपलें नारिंग फारसी व अरबी भाषांतून युरोपांत गेलें. तेथील उपपदांच्या शेजारीं त्याचाहि न हरवला, आणि इंग्रजींत तें 'ऑरेंज' होऊन पोंचलें.

'ए' कीं 'ॲन' हें अक्षरावरून नव्हे, तर उच्चारावरून ठरतें. तास या अर्थाच्या 'अवर' शब्दाच्या आरंभीं एच् हें अक्षर आहे, पण उच्चार स्वराचा. म्हणून 'ॲन अवर'. 'युनिव्हर्सिटी'च्या आरंभीं यू हें स्वराचें अक्षर आहे, पण उच्चार य या व्यंजनाचा. म्हणून 'ए युनिव्हर्सिटी'. कान उघडे ठेवणाऱ्यास याहून अधिक नियमाची गरज नाहीं.

खरी गुंतागुंत नामांच्या जातींत आहे. जीं नामें मोजतां येतात तीं गणनीय, व जीं मोजतां येत नाहींत तीं अगणनीय. बुक, बॉय, मँगो हीं गणनीय; वॉटर, मिल्क, गोल्ड, ऑनेस्टी हीं अगणनीय. हा भेद मराठीसहि परका नाहीं. आपण 'तीन आंबे' म्हणतों, पण 'तीन दुधें' म्हणत नाहीं. 'तीन पेले दूध' असें म्हणतों. येथवर दोन्ही भाषा बरोबरीनें चालतात. पुढें मात्र वाटा फुटतात, आणि आपल्या मुलांच्या बहुतेक चुका त्याच फाट्यावर होतात.

'तांदूळ निवडले', 'केस पांढरे झाले', 'पैसे संपले' हीं मराठींत सारीं अनेकवचनें आहेत. इंग्रजींतील राइस, हेअर व मनी हे शब्द मात्र अगणनीय व एकवचनी. तांदळाचे दाणे मोजतां येत नाहींत काय? येतात, आणि रुपये तर आपण रोज मोजतों. म्हणजे गणनीयता ही वस्तूंत नसून भाषेच्या दृष्टींत असते. मराठीस राशींतला दाणा दिसतो, इंग्रजीस दाण्यांची रास दिसते. त्याचप्रमाणें 'एक बातमी', 'चार सल्ले' हें मराठींत शुद्ध आहे. म्हणून विद्यार्थी 'ए न्यूज', 'ॲन ॲडव्हाइस', 'होमवर्क्स', 'फर्निचर्स' असें लिहून मोकळा होतो. न्यूज, ॲडव्हाइस, इन्फर्मेशन, होमवर्क, फर्निचर, लगेज हीं सारीं नामें इंग्रजींत अगणनीय आहेत. त्यांच्यापूर्वीं 'ए' येत नाहीं व त्यांस अनेकवचनाचा प्रत्यय लागत नाहीं. 'न्यूज'च्या शेवटीं एस् दिसतो खरा, पण 'दि न्यूज इज गुड' असेंच म्हणावें लागतें. यांची संख्या सांगावयाचीच असेल तर दुधाप्रमाणें माप वापरावें: 'ए पीस ऑफ ॲडव्हाइस', 'टू पीसेस ऑफ फर्निचर'.

आतां नियमाकडे वळूं. नाम लिहिण्यापूर्वीं मनाशीं तीन प्रश्न विचारावे. पहिला प्रश्न: मी कोणत्या वस्तूविषयीं बोलत आहें हें ऐकणाऱ्यास ठाऊक आहे काय? ठाऊक असेल तर 'दि' घालावा. मग नाम गणनीय असो वा अगणनीय, एक असो वा अनेक. 'दि वॉटर इन धिस वेल इज स्वीट' या वाक्यांत याच विहिरीचें पाणी अभिप्रेत आहे. ठाऊक नसेल तर दुसरा प्रश्न: नाम गणनीय आहे काय? नसेल तर उपपद नको: 'वॉटर इज लाइफ'. गणनीय असेल तर तिसरा प्रश्न: एक कीं अनेक? एक असेल तर 'ए' किंवा 'ॲन'. अनेक असतील तर उपपद नको: 'मँगोज आर स्वीट'.

यांतूनच एक उपयुक्त गोष्ट हातीं येते. गणनीय सामान्यनाम एकवचनांत सहसा एकटें उभें राहत नाहीं. त्याच्या आधीं उपपद, किंवा 'माय', 'धिस', 'एव्हरी' यांसारखा एखादा शब्द लागतो. 'आय सॉ डॉग' हें वाक्य म्हणूनच लंगडें. 'बाय बस', 'ॲट होम', 'टु स्कूल' असे कांहीं रूढ प्रयोग याला अपवाद आहेत. पण त्यांतहि अर्थ आहे. मूल शिकावयास जातें तेव्हां 'गोज टु स्कूल'. पालक शिक्षकांस भेटावयास त्याच इमारतींत जातात तेव्हां 'गो टु दि स्कूल'.

कित्येक नामें दोन्ही पक्षांत असतात आणि पक्ष बदलतांच अर्थ बदलतात. 'आयर्न' म्हणजे लोखंड, 'ॲन आयर्न' म्हणजे इस्त्री. 'ग्लास' म्हणजे कांच, 'ए ग्लास' म्हणजे पेला. 'पेपर' म्हणजे कागद, 'ए पेपर' म्हणजे वर्तमानपत्र किंवा परीक्षेची प्रश्नपत्रिका. 'हेअर' म्हणजे डोक्यावरचे केस, आणि 'ए हेअर' म्हणजे आमटींत सांपडलेला एकच केस!

उपपदाचें सामर्थ्य सर्वांत अधिक दिसतें तें 'लिटल' व 'फ्यू' या शब्दांपाशीं. 'लिटल' अगणनीय नामापूर्वीं येतो, 'फ्यू' गणनीय नामापूर्वीं. दवाखान्यांतून घरीं पत्र आलें आणि त्यांत 'देअर इज लिटल होप' असें असलें, तर आशा जवळजवळ उरली नाहीं. तेंच 'देअर इज ए लिटल होप' असें असलें, तर थोडी तरी आशा आहे. घरच्या माणसांनीं रडावें कीं धीर धरावा, हें एका अक्षराच्या शब्दावर अवलंबून राहतें. असें पत्र पुष्कळ घरांत शाळेंत जाणारें मूलच वडील माणसांस वाचून दाखवितें, हें विसरतां कामा नये.

थोरांच्या बाबतींतहि या शब्दानें घोटाळा केला आहे. जुलै १९६९ मध्यें नील आर्मस्ट्राँग यांनीं चंद्रावर पहिलें पाऊल ठेविलें. एका माणसाचें हें लहान पाऊल, पण मानवजातीची ही प्रचंड झेप, असें त्यांस म्हणावयाचें होतें. परंतु पृथ्वीवर ऐकणाऱ्यांस 'मॅन'पूर्वींचा 'ए' ऐकूं आला नाहीं. 'मॅन' हा शब्द उपपदावांचून आला कीं सारी मानवजात असा त्याचा अर्थ होतो. त्यामुळें वाक्याच्या दोन्ही अंगांत मानवजातच आली व त्यांतील विरोधाचें सौंदर्य हरपलें. 'ए' म्हणण्याचाच आपला हेतु होता, असें आर्मस्ट्राँग यांनीं पुढें सांगितलें. तो शब्द उच्चारला गेला कीं नाहीं हें ठरविण्यासाठीं त्या ध्वनिमुद्रणाचा पुन्हां पुन्हां अभ्यास झाला आहे.

मग विद्यार्थ्यांनीं करावें काय? कोणतें नाम कोणत्या वर्गांतील हें केवळ तर्कानें कळत नाहीं. त्यास कोश हवा. ए. एस्. हॉर्नबी हे जपानमध्यें इंग्रजी शिकवीत असत. तेथील विद्यार्थ्यांची भाषाहि आपल्यासारखीच उपपदरहित. त्यांनीं दोन सहकाऱ्यांसह रचलेला कोश टोकियो येथें १९४२ सालीं निघाला; त्यांत प्रत्येक नाम गणनीय कीं अगणनीय हें दाखविण्याची सोय केली होती. १९४८ सालीं तो ऑक्सफर्डनें पुन्हां छापला. आजच्या विद्यार्थी-कोशांतहि गणनीय नामापुढें सी व अगणनीय नामापुढें यू हें अक्षर असतें. नवा शब्द पाहतांना अर्थाबरोबर ती खूणहि वहींत उतरून घ्यावी.

पालकांसहि आमची एक विनंती आहे. आपणांस इंग्रजी येत नसल्यास या कामीं आपला उपयोग नाहीं, असें मानूं नये. मुलाचा निबंध हातीं घ्यावा, त्यास एकेक नाम दाखवावयास सांगावें, आणि मराठींतच विचारावें: 'कोणतें तें ठाऊक आहे का? मोजतां येतें का? एक कीं अनेक?' उत्तर मूल शोधील, अडल्यास कोश पाहील. असा प्रश्न घरांत आठवड्यांतून दोन वेळां जरी विचारला गेला, तरी या तीन लहान शब्दांचें भय लवकरच नाहींसें होईल, असा आम्हांस भरंवसा आहे.