लठ्ठपणा, फॅटी लिव्हरवर दुहेरी संप्रेरकाचा प्रयोग

बेंगळुरू : येथील बायोकॉन कंपनीच्या लिराग्लुटाइडला मार्च २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये मान्यता मिळाली. ते जीएलपी-१ या एकाच संप्रेरकाची नक्कल करते. बोहरिंगर इंगेलहाइम व झीलँड फार्मा यांचे प्रायोगिक औषध सर्वोडुटाइड त्याला ग्लुकागॉनची जोड देते. ही जोडी वरकरणी विसंगत वाटते, कारण ग्लुकागॉन रक्तातील साखर वाढवते. ती वाढ जीएलपी-१ आवरते व भूकही मंदावते. यकृतपेशींवर जीएलपी-१ चा थेट प्रभाव फारसा नसतो. ग्लुकागॉन तेथेच साठलेली चरबी जाळण्यास चालना देते.

जून २०२४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने २९३ रुग्णांवरील ४८ आठवड्यांच्या, दुसऱ्या टप्प्यातील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मधल्या मात्रेवर ६२ टक्के रुग्णांचा यकृतविकार तंतुमयता न वाढता सुधारला. औषधविरहित इंजेक्शन घेणाऱ्यांत हे प्रमाण १४ टक्के होते. सर्वाधिक मात्रेवर मात्र ते ४३ टक्केच राहिले. औषध घेणाऱ्या ६६ टक्के रुग्णांना मळमळ झाली, ही बाब किरकोळ नाही.

केंद्राने फेब्रुवारी २०२१ मध्ये फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. सडपातळ भारतीयांतही हा विकार आढळतो; त्यामुळे निदानासाठी केवळ वजनकाटा पुरेसा ठरत नाही.