‘तो काही करत नाही हो!’ : पाळीव कुत्रा आणि समोरचं जनावर

(माण येथे झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

सुरुवातीला एक खुलासा, कारण दोघातिघांनी फोन करून विचारलं होतं. आपण आज ज्या माणमध्ये बसलोय ते हिंजवडीला लागून असलेलं, मुळशी तालुक्यातलं माण. दहिवडी-म्हसवडचा जो माण तालुका, तो साताऱ्यात. पण आजच्या गोष्टीत तिकडची माणसंही येणार आहेत, त्यामुळे नावाचा घोळ झाला तरी फार बिघडत नाही.

तेव्हा मी फेज तीनमध्ये नोकरी करत होतो. कुत्र्यांच्या वर्तनाचं काम वगैरे काही डोक्यात नव्हतं. घरी एक लॅब्रेडॉर होता, बंड्या, दोन वर्षांचा. लिफ्टमध्ये लहान मुलांनी कान ओढले तरी हूं की चूं करायचा नाही. दिवाळीनंतर भाताची खाचरं रिकामी होतात आणि फलटण, माण, बारामतीकडचे धनगर कोकणात उतरायला निघतात, तेव्हा त्यांचे वाडे आपल्या या पट्ट्यात वाटेवर मुक्काम करतात. शेतकरी लेंडीखतासाठी मेंढरं शेतात बसवून घेतो. आता टॉवर उभे राहिले, खाचरं कमी झाली, तरी मोकळ्या प्लॉटवर तुम्हाला एखादा कळप दिसतो. तसा एक कळप सोसायटीच्या मागे उतरला होता. सकाळी मी नेहमीप्रमाणे बंड्याचा पट्टा सोडला. त्यानं मान वर केली, एक क्षण थांबला आणि सुटला.

मी मागून काय ओरडत होतो? तेच, जे आपण सगळे ओरडतो. ‘तो काही करत नाही हो!’

कळप फुटला. एक कोकरू गटाराच्या चरात पडलं, पाय मोडला. बंड्या वर उभा राहून शेपूट हलवतोय. कळपाचे म्हातारे मालक आले आणि म्हणाले, ‘काय करत न्हाई म्हंजे? तुमाला करत नसंल. मेंढराला इचारलं का?’ कोकराचे पैसे दिले. मला वाटलं, मिटलं. तर तिसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा सोसायटीच्या गेटवर आला. पळापळीत घाबरलेली एक मेंढी गाभडली होती. वॉचमन त्याला आत सोडत नव्हता. त्याला वाटत होतं, हा उगीच पैसे काढायला आलाय. मी खाली गेलो, त्याच्याबरोबर वाड्यावर जाऊन पाहिलं, मेलेलं पिल्लू तिथेच होतं. बंड्यानं दात लावला नव्हता, ओरखडासुद्धा नव्हता. दोन जीव गेले तरी. कोकरूही पुढे जगलं नाही म्हणून दोन म्हणतोय.

पण त्या दिवशी वाड्यावर मी आणखी एक गोष्ट पाहिली आणि खरं तर तिथून माझं हे काम सुरू झालं. जाळीच्या आत लहान कोकरं कोंडली होती आणि त्या कोकरांना टेकून त्यांचा कुत्रा झोपला होता. साधं गावठी दिसणारं, राकट कुत्रं. एक कोकरू त्याच्या पाठीवर पाय देऊन गेलं, त्यानं डोळा उघडला आणि मिटला. माझ्या मनात आलं, कुत्रा दोघांचाही कुत्राच. मग माझा असा आणि त्यांचा असा, हे कसं?

याचं उत्तर दोन भागांत आहे. एक, कुत्र्याच्या आत काय असतं. दुसरं, ते केव्हा आणि कशाशी जोडलं जातं.

आधी आतलं बघू. आपली पहिली चूक ही की पाठलाग म्हणजे राग असं आपण धरून चालतो. रागावलेला कुत्रा गुरगुरतो, दात दाखवतो, समोरच्यानं लांब जावं म्हणून अंग फुगवतो. शिकारीच्या मागे जाणारा कुत्रा यातलं काही करत नाही. तो गप्प होतो. कान पुढे, तोंड मिटलेलं, नजर एका जागी खिळलेली. शिकार लांब जावी असं त्याला वाटतच नसतं, मग तो गुरगुरेल कशाला? म्हणून प्रेमळ कुत्रा कोंबडीच्या मागे धावला तर तो ‘बिघडला’ असं समजू नका. त्याचा स्वभाव आणि त्याची शिकारीची ऊर्मी या दोन वेगळ्या खोल्या आहेत. माणसांशी तो किती गोड वागतो त्यावरून मेंढीशी कसा वागेल हे कळत नाही.

अमेरिकेत रेमंड कॉपिंजर आणि लोर्ना कॉपिंजर या दांपत्यानं कळपांची राखण करणाऱ्या कुत्र्यांवर अनेक वर्षं काम केलं. त्यांनी शिकारीची एक साखळी मांडली. हेरणं, नजर रोखणं, दबा धरणं, पाठलाग, पकडून चावा, मारण्याचा चावा, फाडणं, खाणं. लांडग्यात ही साखळी पूर्ण असते. माणसानं हजारो वर्षं पैदास करताना तिच्या कड्या आपल्या सोयीनं कमी-जास्त केल्या. बॉर्डर कॉलीमध्ये नजर रोखणं, दबा आणि पाठलाग प्रचंड वाढवला, चावा दाबला. रिट्रीव्हर जातीत उचलून आणणं ठेवलं, पण तोंड मऊ केलं, कारण पाडलेलं पाखरू फाटलेलं नको होतं. आपल्या मराठवाड्यातला कारवानी घ्या, तो नजरेनं शिकार करणारा. माळावर ससा उठला की तुमची हाक त्याच्या कानापर्यंत पोचतच नाही. बीगल नाकाच्या मागे जातो. आणि राखणीच्या कुत्र्यांत ही साखळी जवळजवळ झोपवलेली.

आता माणमधल्या फ्लॅटमध्ये बघा. लॅब्रेडॉर आहे, जर्मन शेफर्ड आहे, हस्की आहे (इथल्या एप्रिल-मेमध्ये हस्की, त्याबद्दल मी आज बोलत नाही, नाहीतर तासभर तेच होईल), बीगल आहे. प्रत्येकाच्या अंगात कामाचा एक तुकडा आहे आणि ते काम त्याला मिळत नाही. मग पार्किंगमधली मांजर, मोकळ्या प्लॉटवरची टिटवी, शेजारच्या गोठ्यातलं रेडकू यांच्यावर तो तुकडा खर्च होतो. आणि एक लक्षात ठेवा, पळणारी वस्तू ही कळ आहे. उभी राहिलेली म्हैस बंड्याला कधी दिसायचीसुद्धा नाही. पळणारं कोकरू दिसलं आणि साखळी सुरू.

दुसरा भाग वयाचा. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोघांनी अमेरिकेतल्या बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेत पिल्लांवर दीर्घकाळ काम केलं, 1965 साली त्यांचं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लाच्या मनाचं दार उघडं असतं. या काळात जे शांतपणे, वारंवार भेटतं, ते त्याच्यासाठी ‘आपलं’ किंवा निदान ‘नेहमीचं’ होतं. नंतर दार बंद होतं असं नाही, पण जड होतं. त्याच ठिकाणी 1961 च्या एका प्रयोगात काही पिल्लं कुंपणाच्या आत माणसाच्या सहवासाशिवाय वाढवली होती. ज्यांना चौदाव्या आठवड्यापर्यंत माणूस भेटलाच नाही, ती जवळजवळ रानटी जनावरासारखी वागली. आईबाप पाळीव आहेत म्हणून पिल्लू आपोआप माणसाळत नाही, हे त्यातून कळलं.

आता धनगराचा कुत्रा आठवा. तो वाड्यावर जन्मतो, डोळे उघडल्यापासून अंगाला लोकर घासते, मेंढरांचा वास नाकात असतो. मेंढरू पळालं आणि त्यानं मागे उडी मारली तर मेंढी ढुशी देते किंवा मालक हाक घालतो. त्याला कुणी ‘सोशलायझेशन’चा क्लास लावला नाही, तो त्यातच वाढला. आणि बंड्या? मी त्याला पंचेचाळीस दिवसांचा असताना घेतला आणि लस पूर्ण होईपर्यंत फ्लॅटच्या बाहेर काढला नाही. म्हणजे नेमके ते आठवडे तो चौथ्या मजल्यावर टाइल्सवर होता.

इथे तुमच्यातले काही जण म्हणतील, मग काय पार्व्होनं मरू द्यायचा? नाही. ही खरी अडचण आहे आणि ती झटकून टाकू नका. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती लसीच्या आड येते, म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून, दर तीन-चार आठवड्यांनी, सोळाव्या आठवड्यापर्यंत डोस देत राहावे लागतात. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात. म्हणजे लसीचं वेळापत्रक संपतं तेव्हा मनाचं दार लोटलं गेलेलं असतं. अमेरिकेतल्या प्राणिवर्तनाच्या पशुवैद्यकांच्या संघटनेनं 2008 मध्ये भूमिका मांडली की पहिली लस आणि जंताचं औषध देऊन किमान सात दिवस झाले की पिल्लाला स्वच्छ जागी, लस झालेल्या कुत्र्यांमध्ये नेता येतं. आपल्याकडे रस्त्याची परिस्थिती वेगळी आहे, म्हणून मी सांगतो, डॉक्टरांना विचारा आणि पिल्लू खाली ठेवू नका. कडेवर घ्या. बाजाराच्या दिवशी लांब उभे राहा. म्हशी परतायच्या वेळेला गाडीच्या डिकीत त्याला मांडीवर घेऊन बसा. घंटा ऐकू दे, शेणाचा वास घेऊ दे. दहा मिनिटं पुरे. तो ताणलेला दिसला, जांभया देतोय, ओठ चाटतोय, तोंड फिरवून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतोय, तर लांब जा. घाबरवून दिलेली ओळख ही उलटी ओळख असते.

आणि सोशलायझेशन म्हणजे सगळ्यांशी खेळणं नव्हे. हा गैरसमज मला रोज भेटतो. ‘आमचा फार सोशल आहे, प्रत्येक कुत्र्याकडे ओढत नेतो.’ अहो, तो सोशल नाही, त्याला थांबता येत नाही. शेळी दिसली आणि कुत्रा एकदा बघून तुमच्याकडे वळला, ही सोशलायझेशनची कमाई.

मोठ्या कुत्र्याचं काय? बंड्याबरोबर मला जवळपास वर्ष लागलं. पद्धत कंटाळवाणी आहे. दहा मीटरचा लांब दोर, गळपट्ट्याला नाही, छातीच्या हार्नेसला. असं अंतर शोधायचं की त्याला मेंढ्या दिसतायत पण तो हातातला तुकडा अजून खातोय. खाणं बंद केलं म्हणजे आपण जास्त जवळ गेलो. त्यानं बघितलं की शाबास, खाऊ. बघितलं की शाबास, खाऊ. काही आठवड्यांनी मेंढी दिसली की तोच माझ्याकडे बघायला लागला. मग पाच पावलं पुढे. मारून, शॉकचा पट्टा लावून हे करू नका. कुत्र्याला दुखलं की तो ते दुखणं तुमच्या शिकवणीला जोडेलच असं नाही, समोरच्या मेंढीला जोडेल, आणि मग नुसत्या पाठलागाच्या जागी खरा राग तयार होईल. पण हेही स्पष्ट सांगतो, एवढं सगळं करूनसुद्धा मी बंड्याला कळपाजवळ पुन्हा कधीच मोकळा सोडला नाही. ऊर्मी झोपते, मरत नाही.

ही गोष्ट नुसत्या पाळीव जनावरांपुरती नाही. सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर अबी वनक यांनी कुत्री आणि खोकड यांचा अभ्यास केला. जवळ कुत्रा असला की खोकड ठेवलेल्या खाण्याकडेही यायचं टाळायचे, कुत्र्यानं काही केलं नाही तरी. म्हणजे नुसतं असणंसुद्धा समोरच्या जनावराला महाग पडतं. आपल्या फेज तीनच्या रिकाम्या प्लॉटवर उन्हाळ्यात टिटवी जमिनीवर खड्यांतच अंडी घालते. तुमचा कुत्रा तिथे रोज अर्धा तास हुंदडला तर अंडं न फोडताही ते उबवणं मोडतं.

बरं, प्रश्न घेऊ.

(प्रश्न : घरात आधीपासून कुत्रा आहे आणि आता मांजर आणायची आहे. चालेल का?)

चालेल, पण पहिल्या दिवशी समोरासमोर आणू नका. मांजर एका खोलीत. तिची चादर कुत्र्याच्या जागेजवळ, त्याची तिच्याजवळ. नाकाची ओळख आधी. मग बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांचं जेवण. मग फटीतून. मग कुत्रा पट्ट्यात आणि मांजरीला उडी मारायला उंच जागा. कुत्रा गप्प होऊन टक लावतोय आणि हाकेला कान हलवत नाही, तर मागच्या पायरीवर जा. काही घरांत हे जमत नाही. जमत नाही हे मान्य करण्यात कमीपणा नाही, दोन खोल्या ठेवा किंवा मांजर आणू नका.

(प्रश्न : गेटवरची कुत्री आमच्या कुत्र्यावर धावून येतात. त्यांना कसं सोशल करायचं?)

ती त्यांच्या जागेची राखण करतायत, त्यांच्या दृष्टीनं तुमचाच कुत्रा रोज घुसखोरी करतो. तुम्ही पट्टा आखडता, त्याची मान वर ओढली जाते, छाती पुढे येते, समोरच्याला ते आव्हान दिसतं. पट्टा सैल ठेवून वळसा घालून, शक्य तर समोरून न जाता कडेनं जा. गेटवरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लस झाली आहे का हे सोसायटीनं एकदा नीट पाहा. शेपूट हलतेय म्हणून खूष आहे असं समजू नका. वर ताठ उभी आणि थरथरणारी शेपूट वेगळी, कमरेसकट हलणारी वेगळी.

(प्रश्न : गवतात साप दिसला की आमची बीगल हटतच नाही.)

हटणार नाही, नाक आहे ते. आपल्याकडे घोणस आहे, नाग आहे. कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार ऐकू आला की ती घोणस, आणि कुत्र्याला तो आवाज खेळण्यासारखा वाटतो. तोंडावर किंवा पुढच्या पायावर सूज दिसली तर बांधणं, चिरणं, हळद काहीही करू नका. उचलून थेट डॉक्टरकडे न्या आणि वाटेतच फोन करून प्रतिविष आहे का विचारा. संध्याकाळनंतर गवतात पट्टा छोटा. ‘सोड’ हा एक शब्द घरात चप्पल आणि बिस्किटावर रोज पक्का करा, कारण साप समोर असताना शिकवायला वेळ मिळत नाही. तुमचा नंबर देऊन ठेवा, सराव कसा करायचा ते मी बाहेर दोर घेऊन दाखवतो.