काळ्या कागदांतील मुलें

‘छायाचित्र’ हा शब्द मराठींत फोटोग्राफला रूढ झाला आहे. तथापि तो ज्याला अक्षरशः शोभावा, असा एक चित्रप्रकार कॅमेऱ्याच्या पूर्वींच युरोपांत लोकप्रिय झाला होता. बाजूनें दिसणाऱ्या चेहऱ्याची नुसती कड घेऊन ती आकृति काळ्या कागदांतून कापावयाची व पांढऱ्या पुठ्ठ्यावर चिकटवावयाची, इतकेंच तें चित्र. त्यास ‘सिलुएट’ म्हणत. १७५९ सालीं फ्रान्सचा अर्थमंत्री झालेल्या एत्येन द सिलुएट याची काटकसर इतकी गाजली कीं, जें जें स्वस्त त्यास लोक त्याचें नांव देऊं लागले. आणि पुढें तें या चित्रांना कायमचें चिकटलें.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं हस्तिदंतावरील रंगीत तसबीर ही श्रीमंतांचीच चैन होती. मध्यम स्थितींतील आईबापांना मुलाचें रूप घरांत ठेवावयाचें, तर ही कागदी आकृतीच परवडे. परंतु मूल म्हणजे चंचलतेची मूर्ति! मेणबत्तीपुढें बसवून पडद्यावरील सावली गिरवावी, किंवा यंत्राची दांडी चेहऱ्यावरून फिरवावी, तर तेवढा वेळ तें स्थिर बसणार कसें? म्हणून केवळ नजरेनें पाहून कात्री चालविणारा कारागीर अशा वेळीं अधिक उपयोगी पडे. त्याचें काम कांहीं मिनिटांतच उरके.

अशा कारागिरांत ऑग्युस्त एदुआर (१७८९–१८६१) हा फ्रेंच गृहस्थ अग्रगण्य होय. १८२५ च्या सुमारास त्यानें इंग्लंडांत हा व्यवसाय आरंभिला. यंत्राचा त्याला तिटकारा असे. पूर्णाकृतीस तो पांच शिलिंग घेई. आठ वर्षांखालील मुलांस साडेतीन. डोळ्यांची चमक किंवा गालांचा रंग काळ्या कागदांत दाखवितां येत नाहीं. म्हणून सारा भार कडेवर पडतो. पुढें आलेलें कपाळ, बसकें नाक, किंचित् मागें सरलेली हनुवटी, एवढ्यानेंच बालवय स्पष्ट होतें. त्या काळीं लहान मुलगेहि झगाच घालीत. तेव्हां हातांतील छोटा चाबूक, पळवावयाचें चाक किंवा बाहुली यांवरूनच पुष्कळदां मुलगा कीं मुलगी हें ओळखावें लागे.

या खेळकर चित्रांना एक करुण बाजूहि होती. देवी, गोंवर, घटसर्प यांसारखे रोग त्या काळीं घराघरांतून मुलें ओढून नेत. गेलेल्या मुलाची खूण म्हणून कित्येक आईबापांजवळ एवढा काळा कागदच उरे. परंतु त्याला ओळखणारी माणसें हयात असत, तोंवरच त्या कागदाला नांव असे. त्यांच्यामागें ती आकृति कोणत्याहि मुलाची होई.

एदुआरची एक संवय येथें फार मोलाची ठरली. कागद दुमडून तो एकदम दोन प्रती कापी. एक गिऱ्हाइकास देई. दुसरी स्वतःच्या वहींत लावून तिच्याजवळ नांव, गांव व तारीख लिहून ठेवी. १८३९ मध्यें तो अमेरिकेस गेला. त्याच वर्षीं दागेरची छायाचित्रणाची पद्धति जगापुढें आली व कात्रीचा धंदा हळूहळू उतरणीस लागला. १८४९ च्या डिसेंबरांत परत येतांना त्याचें जहाज गर्न्झी बेटाजवळ फुटलें आणि त्या वह्यांपैकीं पुष्कळशा समुद्रांत गेल्या. ज्या वांचल्या, त्या त्यानें तेथें आश्रय देणाऱ्या कुटुंबाच्या स्वाधीन केल्या. त्या वह्यांतील मुलें आजहि आपापल्या नांवानें ओळखलीं जातात. इतरांनीं कापलेलीं तशींच सुरेख चित्रें संग्रहालयांत आहेत, परंतु त्यांतील पुष्कळांखालीं ‘एक मूल’ यापलीकडे कांहींच लिहितां येत नाहीं.

मुलाचा आकार कात्रीनें राखला खरा. पण तें मूल कोण, हें लेखणीनें राखलें. घरांतील जुन्या फोटोंत काळ्या कागदाहून कितीतरी अधिक दिसतें, तरी त्यांच्या पाठीमागें नांव व साल क्वचितच लिहिलेलें आढळतें. सांगणारें माणूस घरांत आहे, तोंवर तें लिहून घेणें बरें.